पहिली वेगवान ऑफरोड आरसी गाडी : बजेट बेताचं, हौस दांडगी

कच्चा_लिंबू

मंडळी, आरसी म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत मी नावाप्रमाणेच आहे. आजवर हातात आल्या त्या खेळण्यातल्या गाड्या, बटण दाबलं की सुसाट, सोडलं की ठप्प. आता मातीत उधळणारी, मोडली तर दुरुस्त करता येईल अशी गाडी घ्यायची आहे.

बजेटची गोष्ट अशी, की नावाजलेल्या कंपनीची १/१० मापाची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची) साधी ब्रश मोटरवाली गाडी नवी घेतली तर पैसे तिथेच संपतात, बॅटरी-चार्जरला काही उरत नाही. तेवढ्याच पैशांत छोटी चिनी ब्रशलेस गाडी रिमोट, बॅटरी, चार्जर अशा सगळ्या लवाजम्यासकट येते आणि वर थोडे शिल्लकही राहतात.

चालवायची जागा म्हणजे मोकळं मैदान. निम्म्या भागात कडक माती आणि बारीक खडी, निम्म्या भागात घोट्याएवढं गवत. सोबत ११ वर्षांचा भाचा असणार आणि निम्मा वेळ रिमोट त्याच्याच हातात असणार.

माझ्या यादीत सध्या आहेत : डब्ल्यूएलटॉइज १४४००१, एमजेएक्सच्या हायपर गोपैकी एखादी, किंवा वापरलेली ट्रॅक्सस स्लॅश. एकाने तामियाचा किट सुचवला, पण तो म्हणे स्वतः जोडायचा. खोक्यांवर ताशी ६०, ७० असे आकडे दिसतात. मला वेग हवा आहे, हे लपवत नाही. काय करू?

नटबोल्ट

लिंबूशेठ, स्वागत. आधी मैदानाची लांबी सांगा, मग गाडीचं बोलू.

ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. मैदान ५० मीटरचं असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन सेकंद. त्यातून वेग धरायला आणि थांबायला लागणारी जागा वजा करा. मातीवर तो आकडा गाठायलाच मिळत नाही. खोक्यावरचा वेग सपाट डांबरावर, नुकत्याच भरलेल्या बॅटरीवर मोजलेला असतो, आणि काही कंपन्या तर तो मोठा पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा गिअर) लावून किंवा वेगळी विकत घ्यायची बॅटरी धरून छापतात. बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही.

दुसरं, धडक. तिचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३० ने भिंतीवर आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून खाली पडणं. ताशी ६० ने आदळणं म्हणजे १४ मीटरवरून पडणं. गाडी हलकी असो वा जड, उंचीचा हिशोब तोच. आता ११ वर्षांचा मुलगा पहिल्या दिवशी ती कितीदा आदळवेल याचा अंदाज तुम्हीच करा.

पिनियन११

आले, नटबोल्ट आले थंड पाणी घेऊन :)

अहो, त्यांना वेग हवाय तर वेग मिळू द्या की. ब्रशलेस घ्या, डोळे मिटून. आजच्या बहुतेक रिमोटवर थ्रॉटल कमी करायची सोय असते. भाच्याच्या हातात देताना निम्म्यावर आणा, आपल्या हातात आलं की पूर्ण उघडा. ब्रश मोटरवाली गाडी घेतली तर दोन महिन्यांत हळू वाटायला लागेल, आणि मग मोटर आणि ईएससी (मोटरला वीज कमी-जास्त देणारा डबा) दोन्ही बदलावे लागतील, कारण ब्रशवाल्या ईएससीवर ब्रशलेस मोटर चालत नाही. एकाला दोन वायर, दुसऱ्याला तीन. म्हणजे खर्च दोनदा.

हायपर गोमधल्या पुष्कळ गाड्या २एस आणि ३एस दोन्हींवर चालतात. आज २एस वर शिका, उद्या ३एस टाका. ३३०० केव्हीची मोटर धरली तर ७.४ व्होल्टवर रिकामी फिरताना सुमारे २४ हजार आरपीएम, ११.१ व्होल्टवर साडेछत्तीस हजार. गाडी तीच, फक्त बॅटरी बदलली.

रानवाट

पिनियनराव, गणित बरोबर आहे. पण ते थ्रॉटल कमी करायचं बटण रिमोटवरच असतं. आणि रिमोट भाच्याच्या हातात. किती वेळ निम्म्यावर राहील असं वाटतं? :)

माझ्या मते या धाग्यातला कळीचा शब्द 'ब्रशलेस' नाही, 'घोट्याएवढं गवत' आहे. त्याकडे कोणी बघतच नाहीये. १/१४ किंवा १/१६ ची बग्गी जमिनीपासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर उंच. घोट्याएवढ्या गवतात ती पोटावर बसते, गवताच्या काड्या ॲक्सलला गुंडाळल्या जातात, मोटर आणि ईएससी तापतात. खडीवर हीच १४४००१ झकास पळते, तिच्या चासीला नावं ठेवायला जागा नाही. पण अर्ध्या मैदानावरच.

मैदान बघून माप ठरवा, माप ठरलं की चाकं आपोआप ठरतात. सपाट कडक जमीन असेल तर बग्गी. गवत, खड्डे, ढेकळं असतील तर मोठ्या चाकांचा ट्रक. मध्ये कुठेतरी स्टेडियम ट्रक आणि शॉर्ट कोर्स ट्रक येतात. तुमच्या जागेला १/१० चा ट्रकच हवा, असं माझं स्पष्ट मत.

कच्चा_लिंबू

नटबोल्ट, मैदान पावलांनी मोजलं. लांबी साधारण ५० मीटर, रुंदी ३०. एका बाजूला भिंत, तिच्याजवळ लोक फिरतात.

ब्रश आणि ब्रशलेस यांतला फरक कोणी साध्या शब्दांत सांगेल का? आणि २एस, ३एस, सी, केव्ही ही सगळी बाराखडीही. मी हो हो करत वाचतोय, पण डोक्यावरून जातंय.

रानवाट

सांगतो. थोडं लांबेल.

ब्रश मोटरमध्ये कार्बनचे दोन तुकडे फिरत्या भागाला घासून वीज पोचवतात. ते झिजतात, धूळ गेली तर लवकर झिजतात, आणि घर्षणात थोडी शक्ती वाया जाते. पण मोटर स्वस्त, ईएससी स्वस्त, आणि संथ चालताना गाडी अगदी गुळगुळीत सुटते. या मोटरवर १२टी, १५टी, २१टी असे आकडे असतात, ते तारेच्या वेढ्यांचे. वेढे कमी तितकी मोटर चपळ, आणि तितकीच विजेची भुकेली. ५४० आणि ५५० हे मोटरच्या आकाराचे आकडे, ५५० लांब.

ब्रशलेसमध्ये घासणारं काही नाही. ताकद जास्त, झीज फक्त बेअरिंगची. 'केव्ही' म्हणजे एका व्होल्टला मोटर रिकामी किती आरपीएम फिरते तो आकडा, किलोव्होल्ट नव्हे. स्वस्त गाड्यांत सेन्सर नसलेली ब्रशलेस येते, ती अगदी कमी वेगात अडखळत सुटते. उधळायचंच असेल तर त्याने काही बिघडत नाही.

२एस म्हणजे लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचे दोन सेल एकामागे एक. एका सेलचे ३.७ व्होल्ट धरतात, म्हणून २एस ७.४ आणि ३एस ११.१. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ ला जातो. एमएएच म्हणजे साठा. 'सी' म्हणजे तो साठा किती वेगाने बाहेर काढता येईल ते. ५००० एमएएच आणि ५०सी म्हणजे कागदावर २५० अँपिअर. कागदावर म्हणालो, कारण लेबलवरच्या सीच्या आकड्यांइतकी थाप या छंदात दुसरीकडे कुठे मारली जात नसेल. १०० सी छापलेलं असलं तरी हुरळून जाऊ नका. ५५० ब्रश मोटरला बऱ्यापैकी कंपनीची साधी २एस पुरते.

हे झालं शास्त्र. तुमच्या निर्णयाला त्यातलं एवढंच लागतं : ब्रशची १/१० गाडी २एस लायपोवर ताशी ४० च्या आसपास जाते. ५० मीटरच्या मैदानात ४० पुष्कळ आहे. पहिल्यांदा बघाल तेव्हा 'अबब' म्हणाल.

पिनियन११

एक आठवडा 'अबब', मग 'एवढंच?'

नटबोल्ट

'एवढंच?' म्हणेपर्यंत हात बसलेला असतो, ते चांगलंच की.

तिसरी_घंटा

किटची बाजू कोणी घेत नाहीये म्हणून मी घेतो. तामियाच्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन्ही बग्ग्या १९८४ च्या, पुढे कंपनीने त्या पुन्हा बाजारात आणल्या, आणि अनेकांची सुरुवात त्यांच्यावरच झाली आहे. स्क्रूपासून स्क्रूपर्यंत स्वतः जोडलेली गाडी मोडली तर काय मोडलं हे न उघडता कळतं. ११ वर्षांच्या मुलाबरोबर दोन-तीन संध्याकाळी टेबलावर बसून डिफ (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर) जोडण्यात जे शिक्षण आहे ते तयार गाडीत नाही.

आता वकिली सोडून खरं सांगतो. या वेगवान नाहीत. ग्रासहॉपरमध्ये ३८० ची लहान मोटर येते, हॉर्नेटमध्ये ५४०. ग्रासहॉपरच्या पुढच्या शॉक्समध्ये तेल नसतं, नुसत्या स्प्रिंगा, त्यामुळे खडीवर ती टणाटण उडते. ते बघायला मजेचं, पण शर्यतीचं नाही. तामियाच्या सुरुवातीच्या बऱ्याच किटांत बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकच्या बुशिंगा येतात, त्या जोडतानाच बदलून बॉल बेअरिंग टाकायच्या. रिमोट, रिसीव्हर, सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर सगळं वेगळं घ्यायचं.

आणि एक महत्त्वाचं. तामियाचा टीबीएलई-०२एस हा ईएससी पुष्कळ किटांबरोबर येतो, त्यात लायपोसाठी कटऑफ नाही. म्हणजे बॅटरी संपत आली तरी तो गाडी थांबवत नाही आणि लायपो मरते. त्यावर निकेलची ७.२ व्होल्टची बॅटरी वापरा, किंवा हॉबीविंग १०६० सारखा ईएससी टाका. त्याच्यावर लायपो की निकेल ते ठरवणारा जंपर असतो. २एस वर १२टी पर्यंतची मोटर तो चालवतो.

कच्चा_लिंबू

तिसरी_घंटा, मोह होतोय. पण भाचा 'आज चालवूया' म्हणणारा आहे, 'तीन दिवसांनी' ऐकून घेणार नाही. किट दुसऱ्या फेरीला.

मातीमोल

मुलांबरोबर गाडी चालवणाऱ्यांपैकी मी. बॅटरीबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण या छंदात खरा धोका गाडीत नसून चार्जिंगच्या टेबलावर असतो.

छोट्या गाड्यांबरोबर येणारा यूएसबी चार्जर बॅटरी भरायला तास-तास घेतो. १५०० एमएएचची बॅटरी भरायला तीन तास, आणि चालते दहा-पंधरा मिनिटं. मुलगा तोवर दुसरा खेळ शोधतो. म्हणून बजेटमधून आधी एक बरा बॅलन्स चार्जर बाजूला काढा. बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या कनेक्टरमधून तो प्रत्येक सेल वेगळा मोजतो आणि सगळे सारखे भरतो. ५००० एमएएचची बॅटरी १ सी ने, म्हणजे ५ अँपिअरने भरली तर तासाभरात होते. त्याहून घाई करू नका. चार्जर नुसता २ अँपिअरचा असेल तर अडीच तास धरा.

चालवताना सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही. खरं तर ३.४-३.५ लाच थांबावं. गाडी मरगळली की 'अजून एक फेरी' नको. काही दिवस वापरणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवून द्यायचे. चांगल्या चार्जरवर त्यासाठी स्टोरेज असं वेगळं कार्य असतं. पूर्ण भरून कपाटात टाकलेली लायपो हळूहळू फुगते.

फुगलेली, पिचकलेली, वायर उघडी पडलेली बॅटरी चार्जरला लावायचीच नाही. चार्जिंग न पेटणाऱ्या पृष्ठभागावर, नजरेसमोर, गाडीतून बॅटरी बाहेर काढून. भाच्याला चालवू द्या, चार्जरला हात लावू देऊ नका. आमच्याकडे हा नियम आहे आणि त्यावर रोज रुसवाफुगवी होते. होऊ दे.

हे सगळं झेपणार नसेल तर सुरुवातीला निकेलची बॅटरी घ्या. जड, जरा मंद, पण राकट. लायपोइतके लाड तिला लागत नाहीत.

कच्चा_लिंबू

ताई, हे फार कामाचं. चार्जरचा खर्च मी धरलाच नव्हता. यूएसबीवाला पुरेल असं गृहीत होतं.

नटबोल्ट

तोच मुद्दा मांडायचा होता. बजेटचे तीन भाग करा. दोन भागांत गाडी, तिसऱ्या भागात दुसरी बॅटरी, चार्जर, हेक्स पाने आणि सुट्या भागांची पुडी. गाडीवरच सगळे पैसे घातले तर पहिला आर्म (चाकाला चासीशी जोडणारा दांडा) मोडला की ती शोभेची वस्तू होते.

आणि आर्म मोडणारच. पुढचा खालचा आर्म, चाकाजवळचा कॅस्टर ब्लॉक, स्पर गिअर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर), सर्वोचा हॉर्न, बॉडीच्या पिना. साधारण याच क्रमाने. म्हणून गाडी निवडायची माझी पद्धत उलटी आहे. आधी त्या मॉडेलचा पुढचा आर्म आणि स्पर गिअर शोधायचा. दोन-तीन ठिकाणी, आठवड्याभरात हातात पडेल असा मिळाला तर गाडी बघायची. नाही मिळाला तर गाडी कितीही देखणी असो, पुढे चला. स्लॅश २००८ पासून बाजारात आहे, तिचे भाग मूळ कंपनीबरोबर इतरही कंपन्या बनवतात. आर्मा कंपनीच्या ग्रॅनाइट, सेंटन यांचंही बरं आहे. १४४००१ चे भागसुद्धा मुबलक आणि स्वस्त. पण चिनी कंपन्यांची मॉडेलं भराभर बदलतात, त्यामुळे आज निघालेल्या नव्याकोऱ्या गाडीचे भाग वर्षाने मिळतील याची खात्री कोणी देणार नाही.

स्वस्त गाड्यांत आणखी एक खोच असते. ईएससी आणि रिसीव्हर एकाच पाटीवर, आणि काहींत सर्वो पाच वायरींचा. बाजारात मिळणारा साधा तीन वायरींचा सर्वो त्याला चालत नाही. एक बिघडलं की तीन गोष्टी बदला. वेगवेगळे डबे असलेली गाडी पहिल्या दिवशी महाग वाटते, पहिल्या बिघाडाला नाही.

हातोडी_छिन्नी

मग सरळ पहिल्या दिवशीच सगळे आर्म ॲल्युमिनियमचे टाका. मोडायचा प्रश्नच मिटला. दिसतातही भारी.

नटबोल्ट

मुळीच नको! धडकेची शक्ती कुठेतरी जायलाच हवी. नायलॉनचा आर्म वाकतो, परत येतो, अगदीच झालं तर स्वतः मोडतो. तो स्वस्त आहे, पाच-दहा मिनिटांत बदलतो. ॲल्युमिनियमचा आर्म धक्का पुढे ढकलतो, मग बल्कहेड (आर्म ज्यात बसतात तो भाग) तडकतो किंवा चासीचं भोक फाटतं. किंवा स्वतःच वाकतो आणि गाडी कायमची एका बाजूला ओढते. धातू कुठे टाकायचा तर गिअरमध्ये, सर्वोच्या हॉर्नमध्ये, चाकाच्या हेक्समध्ये. आर्म प्लॅस्टिकचेच ठेवा.

पिनियन११

+१. वेगवेडा असलो तरी इथे नटबोल्टांच्या बाजूने.

भंगारप्रेमी

वापरलेली स्लॅश बघत आहात म्हणून लिहितो, जुन्या गाड्या हा माझा प्रांत. या बजेटात सर्वांत जास्त गाडी जुन्यातच मिळते, पण उघडून बघायची तयारी हवी.

आधी बॉडी काढायला सांगा. बॉडी फाटकी असेल तर काळजी नको, ती फाटतेच. चासीवर पुढच्या बल्कहेडजवळ आणि स्क्रूच्या भोकांभोवती तडे बघा. स्क्रूंची डोकी घासून गोल झाली असतील तर आधीचा मालक चुकीच्या पान्याने भांडलेला आहे, आतही तसंच असणार.

गाडी उचला. मागचं एक चाक धरून दुसरं फिरवा. कुरकुर, खरखर आली तर डिफ किंवा बेअरिंग. चाक आत-बाहेर हलवून बघा, थोडी ढिलाई चालते, लटपट नाही. चारही शॉक्स दाबा. दाबल्यावर सावकाश वर यायला हवेत. टुणकन आले तर तेल गेलं. तेल भरणं सोपं आहे, भाव पाडायला मात्र उपयोगी. स्पर गिअरचं झाकण काढून दात बघा, टोकं झिजलेली, वितळलेली नकोत.

मग चालू करून बघा. स्टिअरिंग सोडल्यावर चाकं मध्यभागी येतात का, सर्वो सतत गुणगुणतो का. ईएससीला नाक लावा, खरंच. जळका वास जात नाही.

विचारायचा प्रश्न एकच : 'तीन सेलवर चालवली होती का?' ब्रशवाल्या गाडीला ३एस लावून पळवण्याची हौस अनेकांना असते. उत्तर काय येतं यापेक्षा किती वेळाने येतं ते बघा.

चकचकीत निळे-लाल धातूचे भाग लावलेली गाडी दिसली की मी दोन पावलं मागे सरतो. वर नटबोल्टांनी कारण दिलंच आहे. आणि 'दोन बॅटऱ्या फुकट' हे ऐकून भाव वाढवू देऊ नका. जुन्या लायपोची किंमत शून्य धरा, फुगलेली असेल तर घरीही आणू नका.

कच्चा_लिंबू

भंगारप्रेमी, ही पोस्ट फोनमध्ये उतरवून घेतली.

एक शंका. ट्रॅक्ससच्या स्लॅश, रुस्टलर, स्टॅम्पीड या तिन्ही १/१०, तिन्ही दोन चाकी ड्राइव्ह, तिन्हींत मोटर तीच. मग फरक काय? आणि चार चाकी ड्राइव्ह हवाच असं एक जण छातीठोक सांगतोय.

रानवाट

फरक उंचीचा आणि बॉडीचा. स्टॅम्पीड उंच, गवतात राजा, पण जोरात वळली की कलंडते. रुस्टलर बुटकी, रुंद, हलकी. तिघींत सर्वांत चपळ, गवतात मात्र पोट घासते. स्लॅश मधली. तिची बॉडी चाकांवरून पूर्ण खाली येते, त्यामुळे बाजूच्या टकरा बॉडीच झेलते आणि दुसऱ्या गाडीची चाकं तिच्या चाकांत अडकत नाहीत. दोघं मिळून गाड्या पळवणार असाल तर हा मोठा गुण. अवगुण असा, की उंच उडी मारली की बॉडीत खालून छत्रीत भरावी तशी हवा भरते आणि नाक वर जातं. लोक बॉडीच्या मागच्या भागाला भोकं पाडतात. उडीत हवेत असताना ब्रेक दाबला की नाक खाली येतं, थ्रॉटल दिला की वर. हे शिकायला मजा येते.

चार चाकी ड्राइव्ह ढिल्या मातीत सरळ सुटतो, नवख्याला सोपा जातो, हे खरं. पण डिफ दोन, ड्राइव्हशाफ्ट जास्त, वजन जास्त, किंमत जास्त. दोन चाकीवाली खडीवर मागून घसरते, ताकद दिली की गिरकी घेते. थ्रॉटल बोटाच्या अंतराने द्यायला तीच शिकवते. खडबडीत मैदानात ताशी ४० ला दोन चाकी पुरेशी आहे, या बजेटात तर नक्कीच.

पिनियन११

मी शेवटचं एकदा माझं घोडं दामटतो. फक्त कडक मातीच्या निम्म्या भागात चालवणार असाल आणि नवंच हवं असेल तर ब्रशलेस १/१४ किंवा १/१६ घ्या, २एस वर ठेवा. गवत नको, भिंत दूर, सुटे आर्म दोन जोड्या आधीच. छोट्या गाडीला ५० मीटर मैदान मोठं वाटतं, हा फायदा कोणी मोजत नाही. वजन कमी, म्हणून कोणाच्या पायाला लागली तरी इजा कमी. टायर मात्र जोरात फिरले की फुगून तबकडीसारखे होतात, पकड जाते. तेवढं धरून चाला.

मातीमोल

पायाला लागण्याचा विषय निघालाच आहे तर : भिंतीजवळ लोक फिरतात असं लिंबूंनी लिहिलंय. दोन किलोची गाडी ताशी ४० ने पोटरीवर बसली तर गंमत नाही. चालवणाऱ्याने भिंतीकडे पाठ करून उभं राहायचं आणि गाडी समोरच्या बाजूलाच ठेवायची. माणूस दिसला की थांबायचं. वेग कोणता का असेना.

कच्चा_लिंबू

घेतली!

वापरलेली स्लॅश, दोन चाकी, ब्रशवाली, एक्सएल-५ ईएससी, मूळ रिमोटसकट. भंगारप्रेमींची यादी हातात धरून पाहिली. शॉक्स दोन रिकामे, बॉडी फाटकी, बाकी ठणठणीत. तीन सेलच्या प्रश्नाला उत्तर पटकन 'नाही' आलं. शॉक्स दाखवून भाव थोडा खाली आणला. उरलेल्या पैशांत बॅलन्स चार्जर, एक ५००० ची २एस लायपो, पुढच्या आर्मची जोडी, स्पर गिअर आणि शॉक्सचं तेल.

दोन प्रश्न. बॅटरीचा प्लग गाडीच्या प्लगसारखा नाही, बॅटरीला एक्सटी६० आहे. आणि ईएससीचा दिवा लाल पेटतो, तो बरोबर का?

नटबोल्ट

अभिनंदन. दिवा आधी, कारण तो महत्त्वाचा. एक्सएल-५ वर लाल म्हणजे कमी व्होल्टेजचा कटऑफ बंद, निकेल बॅटरीसाठी. लायपो लावून असंच चालवलंत तर बॅटरी पहिल्याच दिवशी जाईल. हिरवा करून घ्या. बटण कसं, किती वेळ दाबायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं आहे, कंपनीच्या साइटवर मिळतं. त्याच ईएससीत ट्रेनिंग मोड आहे, पुढे आणि मागे निम्मीच शक्ती देतो, ब्रेक मात्र पूर्ण. हे रिमोटवरून बदलता येत नाही, ईएससीवरूनच बदलतं. रानवाटांची भाच्याबद्दलची शंका मिटली.

प्लगचं म्हणाल तर डाग देता (सोल्डरिंग करता) येत असेल तर गाडीच्या ईएससीला एक्सटी६० लावा, म्हणजे पुढच्या सगळ्या बॅटऱ्या तशाच घेता येतील. बॅटरीचा प्लग कापायचा झाला तर दोन्ही वायर एकदम कधीही कापू नका. कात्रीच्या पात्यातून शॉर्ट होते. डाग देता येत नसेल तर तयार ॲडॉप्टर मिळतो, थोडी ढिलाई येते, पण २एस ब्रशला चालेल.

पहिल्या बॅटरीला पाच-सात मिनिटांनी थांबून मोटरला बोट लावा. दोन-तीन सेकंद ठेवता आलं तर ठीक. बोट झटकन मागे आलं तर पिनियन एका दाताने लहान करा, गवतात तर करावाच लागेल. पिनियन बसवताना स्पर आणि पिनियनमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. फट बरोबर बसते.

भंगारप्रेमी

शॉक्सचं तेल भरताना दांडा हळू वरखाली करून बुडबुडे जाऊ द्या, घाई नको. आणि पाणी-चिखल झाला तर चालवून झाल्यावर बेअरिंगांना तेलाचा थेंब. ईएससी ओलाव्याला घाबरत नाही, बेअरिंग घाबरतात.

कच्चा_लिंबू

दिवा हिरवा झाला. ॲडॉप्टर मागवला. भाच्याला ट्रेनिंग मोडचं नाव सांगितलेलं नाही, 'गाडी अजून नवी आहे' असं सांगितलंय.

पिनियन११

किती दिवस खपवताय बघू. मोटर थंड राहायला लागली की मोठ्या पिनियनचं माझ्याशी बोला. एकेक दातच वाढवायचा, त्यावर नटबोल्टांशीही माझं भांडण नाही.